शेवटच्या बेटावरचा फोन

(लक्षद्वीपमधल्या एका बेटाचा लहानसा धक्का. जहाज लांब समुद्रात उभं. धक्क्यावर एसटीडी बूथ, बूथपुढे रांग.)

उमा : अहो, अंबरनाथहून इथवर आलो ते या रांगेत उभं राहायला?

शशिकांत : उमा, आपल्या स्वयंपाकघरातला नळ उघडा राहिलाय.

उमा : कोण म्हणतं?

शशिकांत : आत्ता आठवलं. निघताना पाणी गेलं होतं. मी नळ फिरवून बघत होतो, तेवढ्यात तू ओरडलीस, रिक्षा आली.

उमा : म्हणजे चूक रिक्षाची.

शशिकांत : मी तसं कुठं म्हटलं?

उमा : कालच्या बेटावर गॅस बंद केला का ते आठवत बसलात.

शशिकांत : आणि आठवलं! बंद होता.

उमा : तोवर काचेच्या तळाची होडी गेली. हे शेवटचं बेट आहे. इथून जहाज परत फिरणार. मला मासे बघायचेत. जिवंत!

शशिकांत : (नंबर येतो, फोन फिरवत) थांब, लागला. हॅलो, कुंदावहिनी? तळमजल्यावरचा शशिकांत बोलतोय. आमच्या दाराखालून पाणी येतंय का हो?

कुंदा (फोनवर) : येतंय ना! देवासारखे धावून आलात भाऊजी.

शशिकांत : मी कुठं आलो?

कुंदा : वरच्या मजल्यांवर थेंब नाही चार दिवस. पाणी आलं की तुमच्या उंबऱ्यावरून धार लागते. सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली. प्यायला नाही हं घेत. नुसतं पोह्यांना.

शशिकांत : अहो, कुलूप तोडा, नळ बंद करा!

कुंदा : दुसऱ्या मजल्यावरचे हिंदुराव निघाले होते हातोडी घेऊन. पण सोसायटीची मीटिंग झाली. नको असं ठरलं.

शशिकांत : आणि माझं घर?

कुंदा : खिडकीतून बघतो की रोज. गादीचा खालचाच भाग भिजलाय. तुम्ही मजा करा. अजून आठ दिवस राहा ना तिकडे! (फोन कट)

शशिकांत : ठेवला! अगं, पोह्यांना वापरतायत आपलं पाणी! आता मेहुण्याला लावतो बदलापूरला. तो तरी कुलूप तोडेल. पुन्हा रांगेत उभं राहू, चल.

उमा : अहो, तो होडीवाला बोलावतोय. एक जागा उरलीय म्हणे.

शशिकांत : एकच?

उमा : हो. तुम्ही लावा फोन निवांत.