ब्रिटनच्या निवडणुकीत आडनाव

परदेशात आडनाव कुणी विचारत नाही? डोंबल! ऐका. माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये नर्स आहे. पासपोर्ट भारताचा, तरी राष्ट्रकुलातल्या देशाची म्हणून तिथे तिला मत आहे. त्यांच्या निवडणुकीआधी एका शुक्रवारी मी इथे बहरीनच्या हमद टाउनला, ती तिकडे, फोनवर गप्पा चाललेल्या. तेवढ्यात तिच्या दारात प्रचारवाला आला, आपलाच मराठी माणूस. तिचं मराठी ऐकून खूशच झाला. हिने फोन तसाच चालू ठेवून त्याला चहा दिला.

"ताई, ते मुसलमान बघा, एकगठ्ठा मतदान करतात. मग आपण हिंदूंनी एक नको व्हायला? आता कसली आलीय जातपात!"

"हं," ही म्हणाली.

"आडनाव नाही सांगितलंत?"

"कांबळे."

कप टेबलावर ठेवल्याचा आवाज मला इथे बहरीनमध्ये ऐकू आला.

"चहा राहू द्या, ॲसिडिटी होते. मताचं तेवढं बघा, ताई."

दार लागलं. मी विचारलं, "प्यायला का गं चहा?"

"घोटभरही नाही, दादा. मत मात्र माझ्या हातचं चालतंय त्याला."