बिनअळीचं पाणी

आम्ही मूळचे मेंढरंवाले. माझा बाप चाऱ्यामागं पार कोकणापतुर चालायचा, आन् माझा जन्म वाटंवरच झाला, कुणी म्हणतं घाटाच्या वर, कुणी म्हणतं घाट उतरल्यावर, मी म्हणतो निम्मा वर आन् निम्मा खाली. पुढं बापानं मेंढरं मोडली, वरवंडला जमीन धरली, पण माझे पाय काय एका जागी ठरंनात, म्हणून मी फिरता धंदा धरला. पिंपं विकायची. निळी, प्लास्टिकची, माणूस उभा मावंल एवढाली. एमआयडीसीतल्या कारखान्यांची रिकामी पिंपं भंगारवाल्याकडं यायची, तो यूपीचा, म्हणायचा चाचा, धो के दिया है, एकदम साफ, आन् मी एम-एटी फटफटीवर चार पिंपं बांधून न्हावऱ्यापासून केंदुरापतुर गावं पालथी घालायचो. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, पिंपंच आपली आपण रस्त्यानं निघालीत.

काय सांगू तुम्हाला, त्या टँकरच्या साली तर मला देवासारखं मानायचे. टँकर यायचा चार दिवसांनी, तेवढं पाणी ठेवायचं कशात, घागरी-हंडे दुपारपतुर खडखडीत. मी सांगायचो, ह्यात पाणी भरा, सहा महिने नासायचं न्हाई, साप पडला तर तोबी आंघोळ करून निघून जाईल. बाया विचारायच्या, आप्पा, वास कशाचा येतोय वो. मी म्हणायचो अत्तराचा कारखाना हाय, राजेरजवाड्यांच्या घरी जातंय ते. आता हे खोटं होतं का? त्यात काय यायचं ते मला म्हाईत न्हवतं, आन् म्हाईत न्हवतं म्हणून मी चांगलं सांगितलं.

माझी एकुलती लेक कमल, तिचं लग्न त्याच साली. केंदुरात दिली. लोकांच्या रुखवतात लोकरीचे ससे आन् काड्यापेट्यांचे बंगले, माझ्या लेकीच्या रुखवतात मधोमध निळं पिंप, वर पांढऱ्या रंगानं नवरानवरीची नावं. तिची सासू, म्हंजी आमच्या विहीणबाई, नवरीकडं बघायच्या सोडून पिंपाकडंच बघत होत्या. पुढं कमलला दिवस गेले आन् सातव्या महिन्यात पोर गेलं. नजर लागली म्हणाले सगळे. मी पण म्हणालो.

मग आली ती सांधं धरणारी चिकनगुन्या. आमच्या वरवंडात त्या पावसाळ्यात सरळ उभं म्हणाल तर फक्त लाइटीचे खांब, बाकी समदं गाव वाकलेलं. तवा डासांवर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टरबाई पुण्यावरनं आल्या, हातात पळी आन् बॅटरी, घराघरात शिरून साठवणीचं पाणी बघायच्या. रांजणात अळ्या, हौदात अळ्या, टायरात अळ्या, आन् माझ्या पिंपात एक न्हाई. ह्या घरात न्हाई, त्या घरात न्हाई. मी त्यांच्यासंगं मिरवायला लागलो नवरदेवासारखा. म्हणलं बाई, लिहून घ्या, आप्पाचं पिंप दिसलं की डास वाट बदलतो. बाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

माझ्याच ओट्यावर बसल्या, एका ग्लासात पिंपातलं पाणी घेतलं, दुसऱ्यात हापशाचं, आन् हौदातल्या अळ्या दोन्हीत सोडल्या. बायकोनं चहा आणला. हापशाच्या ग्लासातल्या अळ्या खालीवर खालीवर नाचत होत्या. पिंपाच्या ग्लासातल्या आधी जोरात वळवळल्या, मग हळू, मग वाकड्या होऊन तळाला. ह्यात माझी एका शब्दाची भर न्हाई. माझा चहा बशीतच होता. बाईंनी विचारलं, आप्पा, हे पाणी कोण पितं?

मी म्हणलं, दोन तालुके.

त्या म्हणाल्या काय हाय ते तपासल्याबिगर सांगता यायचं न्हाई, नमुना नेते, तवर पिऊ नका, पोटुशी बाईनं तर न्हाईच. मी विचारलं, सातव्या महिन्यातलं पोर ह्यानं गेलं का. बाई बाटलीला चिठ्ठी चिकटवत बसल्या. आन् कमलला तवा परत तिसरा महिना होता.

घरचं पिंप मी कुऱ्हाडीनं फोडलं आन् गाडी काढली. वाटंत न्हावऱ्यात एका घरी म्हणलं पिंप माघारी द्या, तर तिथली म्हातारी म्हणते, का रं, माझं नेऊन कुणाच्या लेकीच्या रुखवतात मांडतोस. पुढच्या घरी म्हणाले, आप्पा, मागच्या थापेची मजा याच्यात न्हाई.

केंदुरात पोचलो. आमच्यात लेकीला मूल होईस्तवर बाप तिच्या घरचं पाणी पीत न्हाई, म्हणून त्या पिंपातल्या पाण्याची चव मला म्हाईतच न्हवती. उभ्या उभ्या सगळं खरं सांगितलं, अळ्यांसकट. विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आन् म्हणाल्या, व्याही, रुखवतातली वस्तू माघारी न्यायला आलेला बाप मी पहिल्यांदाच बघतेय. तिकडं कमल पिंपातनं तांब्या भरत होती, आधी सासऱ्याला दिला, मग स्वतः तोंडाला लावला. मग मी मला जे येतं तेच केलं. म्हणलं, विहीणबाई, जीभ रेटत न्हवती, पण सांगतो, बिरोबा सपनात आला. घोंगडं पांघरून उभा, म्हणाला माझी वस्तू तुझ्या लेकीच्या घरात अडकलीय, ती काढ, न्हाईतर तिथं पाळणा हलायचा न्हाई. विहीणबाईंनी कमलच्या हातातला तांब्या काढून घेतला. त्याच घटकेला पिंप मोरीत उपडं केलं. मी दोरी घेऊन पुढं झालो, तर म्हणाल्या, तुम्ही कशाला, देवाची वस्तू देवाला जाईल.

आन् गेली की. बिरोबाच्या देवळाम्होरं पाणपोई झाली. शेंदूर लावला, वर झावळ्यांची सावली केली. शाळंतली पोरं, ऊस तोडणारे, रविवारी नवस फेडायला येणारे, सगळे तिथंच तांब्या बुडवायला लागले. एका घरातलं पाणी मी गावाच्या तोंडात घातलं. पुजाऱ्याला सांगितलं, हे पिऊ देऊ नका. तो म्हणाला, आप्पा, देव तुमच्याच सपनात आला ना. म्हणलं न्हाई आला, मी थाप मारली. तो हसला, म्हणाला, देवाच्या नावानं थाप मारून माणूस असा धडधाकट उभा राहिला असता का.

मग एका दुपारी, सामसूम बघून, तापवलेली सळई बुडात घातली. म्हणलं, गळंल, फेकून देतील. आठ दिवसांनी गेलो तर रांग लागलेली. देवाच्या पिंपाला पाझर फुटला म्हणं. वरनं भरत राहतात आन् खालनं थेंब थेंब तळहातावर घेतात, तीर्थ म्हणून, तान्ह्या लेकरांच्या जिभंला बोटानं लावतात. मी तिथं उभा होतो तर मलाच म्हणाले, आप्पा, पहिला मान तुमचा.

कमलला मुलगी झाली. हातापायाची बोटं मी स्वतः मोजली, बरोबर भरली. दिसायला तर अशी की चंद्रानं तिच्याकडनं उजेड उसना न्यावा. फक्त मागनं टाळी वाजवली तर मान वळवत न्हाई अजून. लहान हाय, वळवंल. बाईंना कळवलंय. त्यांचा तपास संपंना, म्हणतात पिंपं येगयेगळ्या कारखान्यांची, कशात काय होतं ते कुणी लिहूनच ठेवलं न्हाई. विकली किती आन् कुठं कुठं, ते मी पण न्हाई.

म्हणून तुम्हाला एवढा वेळ बसवून घेतलं. तुम्ही लिहिताय, छापलेलं खरं वाटतं लोकांना, देव तुमच्या हाताला यश देवो. वरवंड घाला, न्हावरं घाला, केंदूर घाला, देवळाची खूण घाला. माझं नाव तेवढं घालू नका. नाव वाचलं की लोकं हसायला लागतील, आन् हसता हसता तांब्या भरून घेतील.