बेवडी जाळी

विश्वास कोणावर ठेवायचा हो विश्वासराव — माणसावर, की त्याच्या मालाला टोचलेल्या चिठ्ठीवर? नाही, तुम्हीच सांगा. नावातच विश्वास घेऊन जन्मलात, तुम्हाला जास्त कळणार. — नाव कसं कळलं? अहो, पायरी चढताना फोनवर बोलत नव्हता का — 'वहिनी, विश्वास बोलतोय, निजामपुऱ्यात पोचलो, दुकान सापडलं' — आणि मग फोन खिशात टाकून मला म्हणालात, 'जरा मोरपंखी लोकर दाखवा, बायकोला विणायचंय.' दाखवली. क्रोशाची सुई कितव्या नंबरची म्हणून विचारलं, तर म्हणालात, 'ती आपली शिवायची असते ती.' तेव्हाच कळलं, हे गिऱ्हाईक लोकरीचं नाही, चौकशीचं आहे. बेसो, बेसो — बसा म्हणतो मी. इथे बडोद्यात आमच्या जिभेला दोन्ही चालतं, आत मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती. चहा घ्या. आणि पिशवीतलं ते काढा बाहेर, मघापासून मांडीवर बाळासारखं सांभाळून बसलाय.

हां. ओळखली. मीच विकलेली लोकर, मी नाही ओळखणार? आणि ही चिठ्ठी, मागे आमच्या दुकानाचा शिक्का. कुठे होती — घडीच्या आत, टाचणीने? म्हणजे शाल साताऱ्याला पोचली, तुमच्या वहिनींनी उलगडली, चिठ्ठी पडली. गुजराती अक्षराला डोक्यावर रेघ नसते एवढंच, बाकी लावून लावून वाचता येतं — आणि वाचलंत तुम्ही सगळ्यांनी मिळून. 'दीप्ती — बेवडी.' झालं! सुपारी फुटलेली, हॉल ठरलेला, आणि होणारी सून बेवडी. बरं, तिला एक फोन करून 'हे काय गं' विचारावं, तर नाही — अख्खी रात्र बसमध्ये बसून तुम्ही इकडे, लोकरवाल्याकडे! आणि मी म्हणतो, समजा असती, तर दारूबंदीच्या राज्यात बसून पोरीने हे जमवलं म्हणून तिला हार नको का घालायला? — हसू नका, चहा सांडेल.

अहो, बेवडी म्हणजे दुहेरी. गुजरातीत. बेवडी घडी, बेवडा दोरा, बेवडी बाजू. आमच्या कमलाबेन आहेत, तरसालीहून येतात, तयार माल धुणं, ताणून वाळवणं, घडी घालणं त्यांच्याकडे. त्या बिचाऱ्या मालाला चिठ्ठी लावतात — कोणाचा आणि कसला. ही जाळी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, म्हणून तिचं आमच्या दुकानातलं नाव बेवडी जाळी. कमलाबेनने आयुष्यात कोणाला बेवडा म्हटलेलं नाही, त्या शब्दाला असा अर्थ असतो हेच त्यांना माहीत नाही. आता सांगायला गेलो तर महिनाभर चिठ्ठ्याच लिहिणार नाहीत. आणि हे काही पहिलंच नाही. दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय? लीला लोकर भांडार. लीला म्हणजे माझी आई. पण गुजरातीत लीलो म्हणजे हिरवा. दुकान उघडलं तेव्हा एक बेन आत आल्या, सगळीकडे बघून म्हणाल्या, 'भाई, पाटीवर हिरवं लिहिलंय आणि आत लाल पण ठेवता?' मी म्हटलं, आईला विचारून सांगतो. तेव्हा दोन भाषांच्या मधे बसून धंदा करायचा तर एवढं चालायचंच. तर चिठ्ठीचा अर्थ असा — दीप्ती हे गिऱ्हाइकाचं नाव, बेवडी हे मालाचं. संपलं. जा, कळवा वहिनींना.

काय झालं? भुवया का चढल्या? — गिऱ्हाइकाचं म्हटलं मी? म्हटलं का? हं. म्हटलं असेल.

बघा विश्वासराव, बोलघेवडा माणूस दुकानात चांगला, साक्षीला वाईट. तुम्हाला सांगितलं होतं ना, की मुलीने स्वतःच्या हाताने विणलीय? होणाऱ्या सासूसाठी, पहिल्या दिवाळीला? सांगितलंच असणार. हल्ली सगळ्या स्थळांच्या कागदावर 'छंद — विणकाम' असतो, आणि तो छंद माझ्याकडून बांधून नेतात. चांगल्या चांगल्या घरच्या आया येतात, म्हणतात, 'गजेंद्रभाऊ, जरा एखादी चूक ठेवा हो, हाताची वाटली पाहिजे.' चूक ठेवतो. मी सगळं पुस्तकांतली चित्रं बघून नि मोबाईलवर परदेशी बायकांचे हात बघून शिकलो, त्यांची भाषा कळली नाही, बोटं कळली. चुका करण्यात तर माझा हात कोणी धरणार नाही. — नाही, नाही, तुम्ही लगेच 'फसवणूक' असा चेहरा करू नका. ही तशी नाही. ही निम्मी तिची आहे. खरंच. दाखवतो, धरा ते टोक.

आधी जाळी समजून घ्या, नाहीतर नुसतं मान हलवाल. हा जो उभा टाका दिसतो ना, त्याला खांब म्हणतात. आणि हा बुटका, दाबलेला, काही न बोलणारा — हा मुका खांब. तुम्ही आल्यापासून बसलाय तसा. राग मानू नका, मुके खांब कडेला लागतातच, त्यांच्याशिवाय शाल पसरते. तर या जाळीत काय करायचं — एका घरात दोन खांब, मधे एक साखळी, पुढचं घर. ओळ संपली की काम फिरवायचं. आणि पुढची ओळ खांबाच्या डोक्यावर घालायची नाही, मधल्या साखळीखालच्या पोकळीत घालायची. म्हणून मग सुलटही नाही नि उलटही नाही. एक तोंड पाहुण्यांना नि एक कपाटाला, अशी भानगड नाही. गोत्रीचे आमचे एक फत्तेसिंहराव आहेत, त्यांनी हौसेने असा स्कार्फ नेला आणि दुसऱ्या दिवशी परत. 'सुलट बाजू कोणती?' म्हटलं, दोन्ही. 'दोन्ही कशी असेल? मी घालू कसा?' शेवटी एका बाजूला बटण लावून दिलं, तेव्हा जिवात जीव आला त्यांच्या. माणसाला उलट बाजू नसली तर भीती वाटते. आणि विणणाऱ्यालाही वाटते — लोकर संपली, नवी जोडली, की जुनीचं शेपूट राहतं, ते लपवायचं कुठे? साध्या विणकामात मागे लपवतात. हिला मागच नाही. खांबाच्या अंगातून, टाक्याटाक्यातून ओवून जिरवावं लागतं. म्हणून लग्नाच्या बाजारात ही जाळी कोणी मागत नाही. दीप्तीने मागितली. स्वतःहून. म्हणाली, 'काका, द्यायचंच आहे तर दोन्हीकडून सारखं असलेलं देते.'

आता बोट फिरवा. या टोकापासून. डोळ्याने नाही कळणार, बोटाने कळेल. मऊ — मऊ — जाळी मोकळी — थांबा. इथे घट्ट लागतंय ना? कडही आत आलीय बघा, शालीने पोट आत ओढावं तशी. पुढे परत मोकळी. मग परत घट्ट. ती लॅबमध्ये नोकरी करते ना, रविवारी सुट्टी असली की येऊन या बाकावर विणत बसायची, तुम्ही बसलाय तिथेच. घरी पाहुणेरावळे, इथे बरं पडतं म्हणायची. आणि विणताना फोन वाजायचा. साताऱ्याहून. तुमच्या वहिनींचा. समरजितचा कधी नाही हो, तुमचा पुतण्या फार सोज्वळ, आईच्या फोनमागे उभा राहून 'माझाही नमस्कार सांग' म्हणणारा. काय बोलणं व्हायचं मला काय ठाऊक, मी काय ऐकतो थोडाच — 'नोकरीचं नंतर बघू', 'बडोद्याला सारखं जायचं म्हणजे, ते बघू', 'पगार कोणाच्या खात्यात, ते आपण बघू.' तुमच्या वहिनींना बघण्याचा फार नाद दिसतो. आणि ही पोरगी इकडे 'हो काकू, हो काकू' म्हणत राहायची आणि हात चालू ठेवायची. तोंडाने हो आणि बोटाने दोरा असा करकचून ओढायची की सुई शिरायची नाही पुढच्या घरात. हे घट्ट पट्टे म्हणजे ते फोन. हा पहिला. हा दुसरा, जरा लांबलेला. मी म्हटलं, पोरी, हात सैल सोड, वाकडी होतेय. तर म्हणाली, 'हातच तेवढा वाकडा होऊ शकतो काका, बाकी सगळं सरळ चाललंय.' आणि हसली. चांगली हसते ती. तुमच्या कागदावर ते लिहिलेलं नसेल.

आता इथून पुढे चाचपा — या मधल्या ओळीनंतर. एकसारखं, शेवटपर्यंत, कुठे अडकणं नाही, भावना नाही. हे माझं. तिचे वडील, दत्तात्रेयमास्तर, घेऊन आले अर्धी शाल. म्हणाले, 'तिला वेळ होत नाही, दिवाळीआधी पाठवायचीय, तेवढी पुरी करा, आणि कोणाला बोलू नका.' मी म्हटलं, माझ्या तोंडून शब्द जाणार नाही. — बघताय ना कसा पाळतोय.

वेळ होत नाही म्हणे! वेळ तिला भरपूर होता. त्याच्या आदल्या रविवारी तासभर बसली होती इथे, मांडीवर शाल, सुई हातात, एक टाका घातला नाही. मग मला विचारते, 'काका, उसवलेली लोकर तुम्ही परत घेता का?' —

हे मी बोलायला नको होतं.

चहा गार झाला. दुसरा सांगू? — बरं, राहू द्या. आता अर्धं ऐकलंत तर पूर्ण ऐका, अर्ध्या शालीचं काय होतं ते दिसतंयच. मी तिला सांगितलं, परत घेत नाही. उसवलेली लोकर कुरळी होते, टाक्याची आठवण धरून बसते. पण कोमट पाण्यात भिजवून, लोंबती वाळवली की सरळ होते, मग दुसरं काहीही विण. तर म्हणाली, 'मी नाही म्हटलेलं नाही काका. पण हो कधी म्हटलं, तेही आठवत नाही.' आणि शाल पिशवीत घालून गेली. ती पिशवी मास्तरांनी उचलली, मी शाल पुरी केली, कमलाबेनने चिठ्ठी लावली, आणि तुम्ही मुलगी पिते का ते बघायला आलात. सगळ्यांनी आपापलं काम किती चोख केलं बघा! एकालाही तिला विचारायचं सुचलं नाही. मीही त्यातच — मला वाटलं, माझं काम लोकरीचं.

आता तुम्ही हे घेऊन साताऱ्याला जाणार. काय सांगाल? 'चिठ्ठीचा घोटाळा होता, मुलगी निर्व्यसनी आहे, शाल बाहेरून करून घेतली पण चालायचंच, मुलींना कुठे वेळ असतो' — असं ना? छान. सगळ्यांची सोय. बटण लावलं एका बाजूला, घाला स्कार्फ. नाहीतर एक करा. मास्तरांचं घर गोत्रीला, इथून रिक्षाने फार लांब नाही, आज रविवार, ती घरी असेल. शाल तिच्या मांडीवर ठेवा, या घट्ट पट्ट्यावर बोट ठेवा आणि विचारा, बाळ, इथे काय झालं होतं? एवढंच. मग ती जे म्हणेल ते. हो म्हणाली तर मी स्वतः तुमच्या वहिनींना दुसरी शाल विणून देईन, सबंध, माझ्या नावाने. नाही म्हणाली तर ही उसवा आणि लोकर तिलाच द्या.

ती मोरपंखी राहू द्या इथे, तुमच्या घरी कोण विणणार आहे? उठा आता, मला दुकान वाढवायचंय, ऊन अंगावर येतंय. आणि ऐका — कुठेही गेलात, गोत्रीला किंवा थेट साताऱ्याला, तरी वहिनींपुढे बसाल तेव्हा हिशोब खरा ठेवा, विश्वासराव. माझे टाके माझ्या नावावर, तिचे तिच्या. आणि हे करकचून ओढलेले — हे ज्यांचे आहेत, त्यांच्या.