आईचं हसू

माझ्या नव्या दातांचं तुम्ही कौतुक करून राहिल्या, पण बाबांचं ऐका. हसले की माझ्या हिरड्या फार दिसायच्या. म्हणून लग्न ठरल्यावर मी गोंदियाला डॉक्टरकडून हिरड्या कापून घेतल्या आणि समोरचे दात मशीनने घासून बारीक करून त्यांवर सिरॅमिकच्या कॅप बसवल्या. तिरोड्याला घरी येऊन बाबांसमोर मनमोकळं हसले. ते बघतच राहिले.

"कायले कापून घेतल्या वो बाई?"

"चांगल्या दिसत नव्हत्या, बाबा."

"तुही माय अशीच हासे. ती गेल्यावर तुले हसवत होतो, ते तिले पाहाले."

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. पहिल्यासारखं करता येईल का, विचारलं.

"कापलेली हिरडी आणि घासून बारीक केलेला दात परत येत नाही, मॅडम."

त्या दिवसापासून बाबांनी मला एकदाही हसवलं नाही.