आमच्या घरचं लिहिलेलं

तुम्ही हसाल, पण माझ्या सासूबाईंनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, तरी ऑर्कुटवरचं माझं गरोदरपण त्यांनीच निभावून नेलं.

नवरा मस्कतला. त्याचा हुकूम होता, "रोज चाल, नाचणी खा आणि ऑर्कुटवर लिहून कळव." मी रिक्षाने मालवणच्या बाजारात सायबर कॅफेत जायची, वाटेत दोन बटाटेवडे खायची आणि लिहायची, "आज बंदरापर्यंत चालले. आंबील प्यायले."

तिथे नवऱ्याला लिहिलेलं सगळ्यांनाच दिसतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मुंबईच्या नणंदेने ते ऑफिसात वाचलं आणि कौतुकाने आईला फोन केला.

मी घरी आले तर सासूबाई दारात. त्यांनी रिक्षा पाहिली, माझ्या ओठांवरचं तेल पाहिलं.

"बंदरार चलत गेल्लंस मां गो?"

मी पदराने ओठ पुसले.

"चार लोकांनी वाचल्यानी. आता आमच्या घरचा लिवलेला खोटा पडाक नको. चल, घाल चपला."

बंदरापर्यंत चालवत नेलं, परत आणलं, वर तांब्याभर आंबील पाजली. मग हे रोजचंच झालं.

आठवड्याभराने मला युक्ती सुचली. मी लिहिलं, "सासूबाई मला भांडी घासू देत नाहीत. बांगडेसुद्धा त्याच साफ करतात."

संध्याकाळी फोन वाजला. लेकीने केलेलं कौतुक ऐकून सासूबाई मोरीपाशी आल्या, माझ्याकडे बघत राहिल्या, आणि माझ्या हातातली कढई ओढून घेत म्हणाल्या,

"उठ गो. नि उद्या लिवच्या आधी माका इचार."