झडपेच्या खर्चाचा अंदाज

हृदयाच्या ऑपरेशनला किती खर्च येईल, हे सांगणाऱ्या खिडकीपुढे शिंपीणबाई नवऱ्यासाठी चौकशी करायला उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक होती. खिडकीतल्या कारकुनाचं बोलणं बाईंना स्पष्ट ऐकू येत होतं.

“झडप बदलायची म्हणजे साधारण चार लाख धरा. आयसीयूतला मुक्काम लांबला तर आकडाही वाढेल.”

“चार लाख? अहो, एवढ्यात नवी रिक्षा येते!”

“बाबा, हळू बोला ना.”

“कशाला हळू? परवा आपण दोघांनी तपासून घेतलं, तेव्हाच मला शंका आली होती. हे जुनं खटारं आता दुरुस्त करत बसू नकोस. चल घरी.”

“बाबा, ऐकून तरी घ्या.”

“काय ऐकायचं? सत्तरी उलटली माझी. ते पैसे तुझ्या पोरींसाठी ठेव. जिना चढताना जरा दम लागतो, एवढंच.”

“आजोबा, पेशंटला आधी आत पाठवा. रक्त घ्यायचंय,” कारकून म्हणाला.

“मीच पेशंट. आणि मला काही करून घ्यायचं नाही.”

“बाबा, तुमचं हृदय ठणठणीत आहे.”

“मग?”

“झडप माझी खराब झालीय.”

शिंपीणबाई एक पाऊल मागे सरकल्या. म्हाताऱ्यांनी खिडकीची कड घट्ट धरली.

“तुझी? अगं, मला बोलली का नाहीस?”

“धीरच होत नव्हता, बाबा.”

म्हातारे खिडकीकडे वळले.

“साहेब, सगळ्यात चांगली झडप कितीला पडते?”