अकरावं नाव

विषय: सौंसर तालुका क्रिकेट संघाच्या दोन याद्यांमधील तफावत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कचेरीच्या मधल्या सुट्टीत मी आणि आमचे वानखेडे पुस्तक-क्रिकेट खेळायचो. सेवानियमांचं जाड पुस्तक कुठंही उघडायचं, पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा. नियमांचा दुसरा उपयोग आमच्या तरी पाहण्यात नव्हता. या खेळात वानखेड्यांचा संघ त्यांच्या सौंसरचा, अकरा नावं वहीत लिहिलेली. एकदा त्यांची यादी मी तालुक्याच्या खऱ्या संघाच्या, निवड समितीनं काढलेल्या यादीशी ताडून पाहिली. कारकुनाची खोड. दहा नावं जुळली.

"वानखेडे, तुमचा प्रभाकर समितीच्या यादीत नाही."

प्रभाकर त्यांचा धाकटा भाऊ. त्याची निवड झाली होती, पण यादी टाइप व्हायच्या आधीच तो बोरगावजवळ ट्रॅक्टर उलटून वारला.

"त्यांच्या यादीत नसन. माह्या यादीत हाये."

"असं चालत नाही. रीतसर अर्ज करा."

मी गमतीनं म्हणालो. त्यांनी खरंच केला: निवड झाली होती, तेवढं नाव यादीत चढवावं.

सौंसर मध्य प्रदेशात, त्यामुळे महिन्याभरानं समितीचं शुद्ध हिंदीत उत्तर आलं. सदर खेळाडूने आपल्या किटसह पांढुर्ण्याला समक्ष हजर व्हावे.

वानखेड्यांनी ते दोनदा वाचलं. "आता काय लिहू, भाऊ?"

"मृत्यूचा दाखला जोडा."

"जोडतो. पण मायले काय सांगू? ते रोज विचारून राहिली, नाव चढलं का म्हणून."

दाखला जोडून अर्ज पुन्हा पाठवला. त्यांची आई त्याच उन्हाळ्यात गेली. अर्ज प्रलंबित आहे.